सिद्ध आणि साधित : पैठणच्या व्याकरणापासून संगणकाच्या शेलपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींनी विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणकाच्या आज्ञांवर काय म्हणून बोलावे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की या विषयात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या गोदाकाठी दोन हजार वर्षे तरी घोळतो आहे. प्रश्न असा : कोणत्याही व्यवस्थेत काही गोष्टी 'आधीपासून असतात' आणि काही गोष्टी 'नंतर घडवल्या जातात'. आधीपासून काय असावे, हे ठरवते कोण? आणि कशावरून?

शाळेतले मराठी व्याकरण आठवा. शब्दांचे दोन वर्ग आपण पाठ केले होते, सिद्ध आणि साधित. 'कर', 'जा', 'बस' हे सिद्ध. त्याला प्रत्यय लावून 'करणी', उपसर्ग लावून 'बिनचूक', दोन शब्द जोडून 'देवघर' हे साधित. संगणकवाले ज्याला 'बिल्ट-इन' म्हणतात, म्हणजे अंगभूत आज्ञा किंवा अंगभूत वस्तू, त्याला मराठीत 'सिद्ध' हा शब्द आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो. म्हणून आज हाच शब्द वापरू.

आता तीर्थपुरीहून गोदावरीच्या वरच्या अंगाला चला, पैठणला. म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात सातवाहन राजाची एक गोष्ट आहे. आख्यायिका आहे ती, इतिहास म्हणून घेऊ नका, पण मर्म पाहा. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः' मला मारू नका. तिला म्हणायचे होते 'मा उदकैः', पाण्याने मारू नका. राजाला संधी ठाऊक नव्हता. त्याने मोदक मागवले! राणी हसली, राजा खजील झाला, आणि त्याने ठरवले की आता व्याकरण शिकायचेच. दरबारात दोन पंडित. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. पैज लागली आणि शर्ववर्म्याने ती जिंकली. ज्या व्याकरणाच्या बळावर जिंकली, ते 'कातंत्र'. कातंत्र म्हणजे छोटे तंत्र, आटोपशीर व्यवस्था.

सहा वर्षांचे सहा महिने झाले कसे? इथे आपला विषय सुरू होतो.

पाणिनीने आपली व्यवस्था जवळजवळ शून्यातून उभारली. चौदा शिवसूत्रांत वर्णांचा विशिष्ट क्रम लावला आणि त्यावरून 'अच्', 'हल्' असे प्रत्याहार तयार केले. 'अच्' म्हणजे सगळे स्वर, 'हल्' म्हणजे सगळी व्यंजने. पुढची सुमारे चार हजार सूत्रे या सांकेतिक भाषेत आहेत. अतिशय काटेकोर, पण आधी ही खास भाषा शिकायची आणि मग संस्कृत. कातंत्राने उलटा मार्ग धरला. त्याचे पहिलेच सूत्र सांगते, की वर्णांची यादी सिद्ध आहे. म्हणजे लोकांत जी वर्णमाला चालत आली, तीच आम्ही घेतली. वेगळी रचणार नाही. 'अच्' नको, 'स्वर' म्हणा. 'हल्' नको, 'व्यंजन' म्हणा. विद्यार्थ्याला जे आधीच येते त्यालाच सिद्ध मानायचे आणि तिथून पुढे निघायचे, ही ती युक्ती. आपल्याकडे जुन्या शाळांत मूल धूळपाटीवर पहिल्यांदा 'ओ ना मा सी धं' गिरवत असे. 'ॐ नमः सिद्धम्' याचे ते बालबोध रूप. 'ओनामा' हा शब्द त्यातूनच आला. पहिल्या दिवशी पहिला धडा कशाचा, तर सिद्धाला नमस्कार!

पण पाणिनीनेही सगळेच स्वतः घडवले असे समजू नका. 'गुण', 'वृद्धि' या संज्ञांच्या त्याने व्याख्या दिल्या. प्रथमा, द्वितीया ही विभक्तींची नावे मात्र व्याख्या न देता वापरली, कारण ती पूर्वीच्या आचार्यांपासून रूढ होती. जगातल्या सर्वांत काटेकोर व्याकरणातही 'हे तुला ठाऊक आहे असे धरतो' अशी एक जागा आहे. ती नसेल तर कोणतीही व्यवस्था सुरूच होत नाही.

यापुढचा विचार पतंजलीच्या महाभाष्यात आहे. त्याचा एक दृष्टांत फार सुंदर आहे. मडके हवे असले की माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि म्हणतो, मला मडके करून दे. पण शब्द वापरायचा असला तर कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन 'मला शब्द करून दे' असे म्हणत नाही. मडके हे कार्य आहे, करावे लागते. शब्द सिद्ध आहे, तो उचलायचा आणि वापरायचा. एवढा भेद मनात ठेवा आणि आता संगणकाकडे वळू.

नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्याला संगणकाचे वर्ग निघाले. तिथे पहिला धडा असे डॉसचा, आणि परीक्षेत हमखास येणारा प्रश्न असे : 'इंटर्नल आणि एक्स्टर्नल कमांडमधील फरक लिहा.' मुले पाठ करत. डिर, कॉपी, डेल, सीडी, सीएलएस या इंटर्नल. फॉरमॅट, चेकडिस्क, डिस्ककॉपी या एक्स्टर्नल. दोन मार्क मिळत. पण असा फरक मुळात का पडला, हे फारसे कोणी सांगत नसे.

कारण साधे होते. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला. योगायोग पाहा, त्याच वर्षी १ मे रोजी आपला जालना जिल्हा झाला. त्या पीसीची स्मृती आजच्या मानाने तुटपुंजी होती. पुष्कळ यंत्रांत हार्ड डिस्क नसे, सगळा कारभार फ्लॉपीवर. वापरणाऱ्याने टंकलेले वाचून त्याप्रमाणे काम करवून घेणारा एक कार्यक्रम असे, कमांड डॉट कॉम. असल्या कार्यक्रमाला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. यंत्राच्या गाभ्याभोवतीचे कवच, ज्याच्याशी माणूस बोलतो. ज्या आज्ञा घडोघडी लागतात त्या या शेलच्या पोटातच ठेवल्या, म्हणजे फ्लॉपी काढली तरी चालतील. ज्या क्वचित लागतात त्या वेगळ्या फायली करून फ्लॉपीवर ठेवल्या. फ्लॉपी नसताना फॉरमॅट म्हटले की पडद्यावर यायचे, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. रोजचे मीठ-मिरची मांडणीवर आणि पापड-कुरडया माळ्यावर, असाच हा घरगुती हिशेब. म्हणजे इथे सिद्ध असण्याचे कारण सोय.

पण नेहमीच कारण सोय असते का? याचे उत्तर युनिक्सच्या इतिहासात मिळते. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. तेव्हा 'चडिर', म्हणजे चालू फोल्डर बदलण्याची आज्ञा, इतर आज्ञांसारखीच बाहेरची होती. दर टर्मिनलमागे एकच प्रक्रिया असे. आज्ञा चालायची ती शेलच्याच जागी येऊन, आणि तिचे काम संपले की शेलची नवी प्रत तिथे येऊन बसायची. मग त्यांनी 'फोर्क' आणला. फोर्क म्हणजे प्रक्रियेने आपलीच एक प्रत काढायची, त्या प्रतीने आज्ञा पार पाडायची आणि मूळ शेलने थांबून वाट पाहायची. रिचीने नंतर लिहिले आहे, की पीडीपी-७ वर यासाठी असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या. मोठी क्रांती होती ती. आजही लिनक्स त्याच तत्त्वावर चालते.

आणि फोर्क आल्याबरोबर चडिर बंद पडले! आज्ञा दिली की तक्रार नाही, चूक दाखवत नाही, पण फोल्डर काही बदलत नाही. मंडळींनी पुन्हा पुन्हा कोड वाचला. शेवटी उलगडा झाला. चडिर आपले काम चोख करत होते, पण ते प्रतीत. प्रतीचा फोल्डर बदलायचा, प्रत तिथेच संपून जायची, आणि मूळ शेल होता तिथेच. गड्याला पैठणला पाठवले म्हणून मालक पैठणला पोचत नाही. गडी खरोखर पैठणला गेला, यात खोटे काही नाही. पण मालक तीर्थपुरीच्या ओट्यावरच बसलेला! दळण दुसऱ्याकडून आणवता येते, चिठ्ठी दुसऱ्याबरोबर धाडता येते, पण स्वतःची जागा बदलायची तर स्वतःच उठावे लागते. म्हणून चडिर शेलच्या पोटात घेणे भाग पडले. आजची 'सीडी' आज्ञा तिचीच वारस. 'एक्झिट' तशीच, कारण शेलला बंद करायचे तर शेलनेच बंद व्हायला हवे. 'एक्सपोर्ट' तशीच, कारण ती शेलच्या स्वतःच्या मनातली नोंद बदलते.

आता फरक स्पष्ट झाला असेल. काही आज्ञा सोयीने सिद्ध असतात, काही अपरिहार्यपणे. 'इको' घ्या, जी दिलेले शब्द नुसते परत छापते. ती सुरुवातीला बाहेरचीच होती आणि बाहेर राहून तिचे काही अडत नव्हते. पण दोन शब्द छापायला दरवेळी नवी प्रक्रिया उभी करणे म्हणजे शेजारच्या घरी निरोप द्यायला बैलगाडी जुंपणे. म्हणून पुढे तीही पोटात आली. गंमत अशी की बाहेरची इको गेली नाही. आजही लिनक्सवर 'टाइप' या आज्ञेला 'ए' हा पर्याय देऊन इकोबद्दल विचारा. एक शेलमधली आणि एक डिस्कवरची, अशा दोन्ही दाखवील. सीडीबद्दल कोणाला शंका असेल त्याने घरी जाऊन हे जरूर करून पाहावे.

उलट उदाहरणही सांगतो, कारण त्याशिवाय चित्र पुरे होत नाही. टॉम्पसनच्या १९७१च्या शेलमध्ये 'इफ' आणि 'गोटू' हेसुद्धा बाहेरचे कार्यक्रम होते! 'जर-तर' हा विचाराचा कणा, असे आपण तर्कशास्त्रात शिकवतो, आणि तो तिथे भाड्याने आणलेला. गोटू काय करी, तर शेल ज्या फायलीतून ओळी वाचत असे, तिच्यातली वाचनाची खूण मागे-पुढे सरकवी आणि बाजूला होई. चालत होते. १९७९ साली सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्नचा शेल आला आणि जर-तर, फेरे, हे सगळे भाषेचेच अंग झाले. १९८९ साली ब्रायन फॉक्सने ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला, तो याच घराण्यातला. तात्पर्य, कोणती गोष्ट आत आणि कोणती बाहेर, याची रेघ आकाशातून पडलेली नाही. ती माणसांनी आखली, पुसली, पुन्हा आखली.

मग निरनिराळ्या शेलांनी निरनिराळ्या रेघा आखल्या तर? गोंधळच. इथे आम्हांला न्यायसूत्रांची आठवण होते. गौतमाने सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले. त्यातले पहिले दोन पाहा. जे सगळ्याच तंत्रांना मान्य ते 'सर्वतंत्र' सिद्धान्त. जे आपल्या तंत्रात मान्य पण इतरांत नाही ते 'प्रतितंत्र' सिद्धान्त. पॉझिक्स नावाच्या प्रमाणकाने नेमके हेच केले. ब्रेक, एक्झिट, एक्सपोर्ट, सेट, ट्रॅप अशा पंधरा आज्ञांना त्याने 'विशेष अंगभूत' ठरवले. कोणताही प्रामाणिक शेल असो, त्या असणारच. या झाल्या सर्वतंत्र. आणि बॅशमध्ये 'सोर्स' म्हणून आज्ञा आहे, ती प्रतितंत्र. प्रमाणकात तिच्या जागी नुसता एक टिंब आहे. २००६ साली उबुंटूने आपला मूळ 'एसएच' शेल बॅशऐवजी डॅश केला. तेव्हा 'सोर्स' लिहिलेल्या अनेक पटकथा एकदम म्हणू लागल्या, 'नॉट फाउंड'. त्या लिहिणाऱ्यांनी प्रतितंत्राला सर्वतंत्र मानले होते. अहो, घरच्या रिवाजाला जगाचा नियम मानण्याची चूक काही संगणकवाल्यांचीच मक्तेदारी नाही!

आता शेल सोडून प्रोग्रामिंग भाषांच्या दुभाष्यांकडे, इंटरप्रिटरकडे येऊ. १९६० साली जॉन मॅकार्थीने लिस्प भाषेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात मूळ क्रिया पाचच : ॲटम, ईक्यू, कार, सीडीआर आणि कॉन्स. त्यांना एक 'जर-तर'ची रचना आणि फलने रचण्याची पद्धत जोडली, की बाकी सगळे साधित. इतकेच काय, लिस्पचा अर्थ लावणारे 'इव्हॅल' हे फलनसुद्धा त्याने लिस्पमध्येच लिहून दाखवले. स्टीव्ह रसेलने ते उचलून आयबीएम ७०४ यंत्रावर चढवले आणि लिस्पचा दुभाष्या तयार झाला. कमीत कमी सिद्ध, जास्तीत जास्त साधित, हा झाला पाणिनीचा पंथ.

पायथनचा पंथ कातंत्राचा. गिडो व्हान रॉसमने ती १९८९च्या अखेरीस लिहायला घेतली, १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात साठ-सत्तर अंगभूत फलने तयार ठेवलेली आहेत. 'प्रिंट', 'लेन', 'सम', 'लिस्ट', काही आणावे लागत नाही, ओनामा करा आणि चला. पण या सिद्ध वस्तूंचे स्थान काय आहे ते बारकाईने पाहा. पायथनला एखादे नाव दिसले की ते ती आधी फलनाच्या आत शोधते, मग त्याला वेढणाऱ्या फलनात, मग संपूर्ण फायलीच्या पातळीवर, आणि कुठेच नाही मिळाले तर शेवटी अंगभूत नावांत. म्हणजे सिद्ध हे सर्वांत वरचे नाही, सर्वांत तळाचे आहे. आपण काही न ठेवल्यास उरते ते.

याचा परिणाम वर्गात रोज दिसतो. मुलगा यादी करतो आणि तिला नाव देतो 'लिस्ट'. थोड्या वेळाने त्याला अंगभूत लिस्ट हवी असते, तर पायथन म्हणते, ही वस्तू बोलावता येत नाही. मुलगा घाबरतो, यंत्र मोडले म्हणतो. काही मोडलेले नाही. त्याने आपल्या नावाने सिद्ध नाव झाकले, इतकेच. 'डेल' म्हणून आपले नाव पुसा, की मागचे जसेच्या तसे पुढे येते. वेदान्तात आवरण म्हणतात ते हेच. दोरी कुठे गेली नव्हती. सापामुळे दिसत नव्हती.

सिद्धाचा आणखी एक प्रकार आहे, जो असा झाकताही येत नाही. त्याला कीवर्ड म्हणतात, आरक्षित शब्द : इफ, फॉर, रिटर्न वगैरे. पायथनमध्ये आज असे पस्तीस आहेत. फलनाचे नाव म्हणजे घरातली वस्तू, आरक्षित शब्द म्हणजे घराची भिंत. पण भिंतीही हलतात बरं का! पायथन २ मध्ये 'प्रिंट' आरक्षित शब्द होता, भिंत होती. आणि 'ट्रू' व 'फॉल्स' ही साधी अंगभूत नावे होती. म्हणजे कोणी ठरवले तर सत्याला असत्य म्हणून टाकता येत होते! २००८च्या डिसेंबरात पायथन ३ आली आणि दोन्ही उलटे झाले. प्रिंट साधे फलन झाले, ट्रू आणि फॉल्स आरक्षित झाले. छापणे भिंतीत असायला हवे असे नाही. सत्य-असत्य मात्र कोणाच्या हाती मोकळे सोडू नये. हा निर्णय तांत्रिक म्हणून घेतला गेला, पण आम्ही त्याला तत्त्वज्ञानाचा निर्णय म्हणू.

आता आपल्या घरचा प्रश्न. ही सगळी सिद्ध नावे इंग्रजीत आहेत. तीर्थपुरीच्या शाळेतल्या मुलीच्या दृष्टीने इथे काय सिद्ध आहे? तिच्यासाठी 'लेन' म्हणजे लेंग्थ हे कळण्याआधी दोन भिंती उभ्या असतात, एक भाषेची आणि एक यंत्राची. आणि ती समजते की दोन्ही एकच आहेत. संगणक म्हणजे इंग्रजी, असे तिच्या मनात पक्के बसते. आमच्या मते खरे नुकसान हे आहे. इंग्रजी येत नाही, याचा अर्थ ती 'मला संगणक येणार नाही' असा लावते.

वस्तुस्थिती काय आहे? पायथन ३ पासून नावे देवनागरीत ठेवता येतात. 'लांबी' असे लिहा, बरोबरचे चिन्ह द्या, पुढे 'लेन' लिहा, झाले. त्या क्षणापासून लांबी हे फलन काम करू लागते. 'छापा' म्हणजे प्रिंट, 'बेरीज' म्हणजे सम, एका तासात मुलीला आपला छोटा मराठी संच करता येईल. 'इफ' मात्र 'जर' होणार नाही, कारण ती भिंत आहे. त्यासाठी भाषेचा दुभाष्याच बदलावा लागेल. हा भेद कळणे हेच शिक्षण. कोणी म्हणेल, सर, याचा नोकरीत काय उपयोग, तिथे सगळे इंग्रजीतच लिहितात. मान्य. आम्ही कारखान्यात मराठी नावे लिहा असे म्हणत नाही. ज्या मुलीने एकदा स्वतःच्या हाताने 'लेन'ला 'लांबी' केले, तिला कळते की नाव वेगळे आणि वस्तू वेगळी. पुढे ती इंग्रजी नावे वापरील ती माहिती असून वापरील, धाकाने नव्हे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, बॅश आणि पायथनचे धडे मराठी आवाजात उपलब्ध आहेत, विनामूल्य. आज्ञा इंग्रजी, समजावणे मराठी. शर्ववर्म्याची युक्ती हीच होती : विद्यार्थ्याला जे येते तिथून निघा.

तर मित्रहो, जिथे कोणी 'हे असेच असते' म्हणेल, तिथे तीन प्रश्न विचारावेत. हे सीडीसारखे अपरिहार्य आहे का? की इकोसारखे सोयीचे? की आणखी वेगळे, केवळ पहिल्याने आपल्या भाषेत नाव ठेवले म्हणून चालत आलेले, 'लेन'सारखे? अपरिहार्य असेल ते समजून घ्यावे, सोयीचे असेल ते वापरावे, आणि नुसते चालत आलेले असेल तर ते बदलण्याचा आपल्याला अधिकार आहे हे विसरू नये. संगणकात ही परीक्षा करायला एक मिनिट लागते. घरात, शाळेत, गावात 'हे असेच असते' म्हणून जे सांगितले जाते, त्याच्या परीक्षेला अधिक वेळ लागतो, अधिक धीरही लागतो. पण सवय एका मिनिटाच्या परीक्षेपासून लावावी, असे आम्हांला वाटते.

येथे थांबतो.